परका होतो तेव्हा मला घरात घेतले: अमेरिकेतल्या इव्हँजेलिकल मंडळीतून मी बाहेर का पडले

सीनाकाठ

अमेरिकन निवडणुकांच्या धाग्यावर एका आयडीने विचारलं होतं, "येशू गोरगरिबांचा कैवारी, मग तिथली सगळ्यात धार्मिक माणसं परक्यांच्या इतकी विरोधात कशी?" तिथे मी दोन ओळी टंकल्या आणि पुसून टाकल्या. दोन ओळींत मावणारं ते नाही, म्हणून हा वेगळा धागा.

मी नगरची, चौथ्या पिढीची ख्रिस्ती. पणजोबांचा बाप्तिस्मा अमेरिकन मराठी मिशनच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, झाला. घरात दिवेलागणीला शास्त्रपाठ, मग 'उपासनासंगीत' या गीतपुस्तकातलं एक गीत, मग जेवण. २०११ साली नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही डॅलसजवळ आलो. पहिल्याच रविवारी ज्यांनी आमचा हात हातात घेतला ती एक मोठी इव्हँजेलिकल मंडळी. सात वर्षं आम्ही तिथे होतो. माझ्या बाळंतपणात सहा आठवडे रोज कुणी ना कुणी दाराशी जेवणाचा डबा ठेवून जायचं. हे आधी सांगते, कारण पुढचं सगळं त्या माणसांच्या मायेवर शंका घेऊन लिहिलेलं नाही. मंडळीचं नावही सांगणार नाही.

इव्हँजेलिकल कुणाला म्हणतात? येशूला स्वीकारून 'नवा जन्म' झाल्याचा अनुभव, पवित्र शास्त्राचा अधिकार, वधस्तंभावरचं तारण आणि ती सुवार्ता इतरांना सांगणं, या चार गोष्टी ज्यांना मध्यवर्ती वाटतात त्यांना. यात माझं भांडण फारसं नाही. भांडण आहे ते 'आम्ही फक्त शास्त्रात लिहिलंय तेवढंच मानतो' या दाव्याशी.

२०१८ चा जून. आई नगरहून आली होती. दर बुधवारी संध्याकाळी आम्ही आठ-दहा कुटुंबं कुणातरी एकाच्या घरी शास्त्राभ्यासाला जमायचो. त्या वसंतात सरकारने मेक्सिकोच्या सीमेवर बेकायदा येणाऱ्यांसाठी शून्य सहनशीलतेचं धोरण लावलं होतं. आईबाप कोठडीत आणि लेकरं वेगळ्या छावणीत. काही आठवड्यांत दोन हजारांहून जास्त मुलं अशी आईबापांपासून तुटली. आमच्याच टेक्सासात, मॅकॲलनच्या एका गोदामवजा केंद्रात, ती जाळीच्या कुंपणाआड झोपत होती. १४ जूनला ॲटर्नी जनरल जेफ सेशन्स यांनी इंडियानातल्या भाषणात या धोरणाला आधार म्हणून पौलाच्या रोमकरांस पत्राचा तेरावा अध्याय पुढे केला: राज्यकर्त्यांच्या अधीन राहा, कारण अधिकार देवाने नेमलेले आहेत.

२० तारखेच्या बुधवारी आम्ही जमलो. प्रार्थनेच्या विनंत्या लिहायला छोटी कोरी कार्डं असायची, ती लिहून काचेच्या वाडग्यात टाकायची. मी लिहिलं, "सीमेवर आईपासून तोडलेल्या मुलांसाठी." गटप्रमुखांनी एकेक कार्ड वाचलं. कुणाचं गुडघ्याचं ऑपरेशन, कुणाची नोकरीची मुलाखत. माझं कार्ड वाचलं, टेबलावर पालथं ठेवलं आणि म्हणाले, "आज राष्ट्राध्यक्षांनी कुटुंबं एकत्र ठेवायच्या आदेशावर सही केली आहे, आणि हा विषय राजकारणाचा आहे. इथे नको." तोडलेली बहुतेक मुलं अजून आईबापांना परत मिळाली नव्हती. ती परत द्या असा न्यायालयाचा हुकूम निघाला तो पुढच्या आठवड्यात.

मग, कायद्याबद्दल शास्त्र काय म्हणतं ते पाहू, असं म्हणून त्यांनीच रोमकरांस तेरा उघडायला सांगितलं. पहिली सात वचनं वाचली आणि थांबले.

आई इंग्रजी फारसं बोलत नाही, पण अध्याय-वचनाचे आकडे तिला पक्के कळतात. तिच्या मांडीवर तिचं मराठी शास्त्र होतं. काळं रेक्झिन, पानांच्या कडा लाल, पाठ चिकटपट्टीने जोडलेली. ती माझ्या कानाशी म्हणाली, "अगं, हे मध्येच का थांबले? खाली दहावं आहे की." आणि कुणी काही म्हणायच्या आत तिने मराठीतच मोठ्याने वाचलं, "प्रीती शेजाऱ्याचे काही वाईट करत नाही, म्हणून प्रीती हे नियमशास्त्राचे पूर्णपणे पालन होय." मी इंग्रजीत सांगितलं. एका बाईच्या डोळ्यांत पाणी आलं. प्रमुख शांतपणे म्हणाले, शेजाऱ्यावर प्रेम ही ज्याची त्याची वैयक्तिक गोष्ट, कायदा ही सरकारची. मी मत्तय पंचवीस काढलं: मी परका होतो तेव्हा मला घरात घेतले. त्यावर ते म्हणाले, तिथे येशू 'माझ्या कनिष्ठ बंधूंपैकी' असं म्हणतो, आणि बंधू म्हणजे विश्वासणारे. हा अर्थ त्यांनी स्वतः काढलेला नव्हता, बरेच पुराणमतवादी भाष्यकार तो देतात. पण तो जरी मानला, तरी ग्वाटेमाला-होंडुरासहून आलेली ती माणसं कोण होती? त्यातले पुष्कळ जण इव्हँजेलिकलच होते. आमचीच गाणी स्पॅनिशमध्ये म्हणणारे.

पुढच्या बुधवारी, २७ जूनला, सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती अँथनी केनेडी यांनी निवृत्ती जाहीर केली. त्या संध्याकाळी आमच्या गटाने एकमेकांचे हात धरून बराच वेळ प्रार्थना केली, की त्या जागी देवाला मान्य असलेला माणूस येवो. त्या दिवशी 'हा विषय राजकारणाचा आहे' असं कुणीही म्हणालं नाही. त्यानंतर मी तिथे गेले नाही.

त्या रात्रीपासून मी वाचायला लागले, आणि जे सापडलं त्याने माझी झोप उडाली. रोमकरांस तेरावा अध्याय असा वापरला जाण्याची ती पहिली वेळ नव्हती. १८५० चा पळालेल्या गुलामांना पकडून देण्याचा कायदा आला, तेव्हा दक्षिणेकडच्या आणि उत्तरेतल्याही अनेक पाळकांनी हाच अध्याय वाचून दाखवला होता. अमेरिकेतला सगळ्यात मोठा प्रॉटेस्टंट पंथ, सदर्न बॅप्टिस्ट कन्व्हेन्शन, जन्मालाच आला १८४५ साली, गुलाम बाळगणाऱ्याला मिशनरी म्हणून पाठवायचं की नाही या वादातून. त्यांनी त्याची माफी मागितली १९९५ साली, दीडशे वर्षांनी. गुलामगिरीच्या बाजूच्या पाळकांकडे वचनांची कमतरता नव्हती. 'दासांनो, आपल्या धन्यांच्या आज्ञा पाळा' हे शब्दशः लिहिलेलं आहे. विरोध करणाऱ्यांना अख्ख्या शास्त्राचा ओघ दाखवावा लागत होता: मिसरातून सुटका, संदेष्टे, येशू. फ्रेडरिक डग्लस यांनी १८४५ सालीच लिहून ठेवलं, की या देशाचा ख्रिस्ती धर्म आणि ख्रिस्ताचा ख्रिस्ती धर्म यांत कमालीचं अंतर आहे. ते स्वतः गुलामीतून पळून आलेले होते.

आणि गर्भपात. आमच्या मंडळीत मला शिकवलं गेलं, की ख्रिस्ती माणसं याला पहिल्यापासून विरोध करत आली आहेत. कॅथलिकांच्या बाबतीत ते खरं आहे. पण सदर्न बॅप्टिस्टांनी १९७१ च्या ठरावात बलात्कार, जवळच्या नात्यातला अत्याचार, गर्भातलं गंभीर व्यंग आणि आईच्या शारीरिक-मानसिक आरोग्याला धोका, इतक्या कारणांसाठी गर्भपाताची मुभा देणारा कायदा व्हावा असं म्हटलं होतं. गर्भपाताला देशभर घटनात्मक हक्क देणारा रो विरुद्ध वेड हा निकाल १९७३ चा. त्यानंतर १९७४ मध्येही त्यांनी तीच भूमिका पुन्हा मांडली.

मग हे सगळे राजकारणात एकगठ्ठा उतरले कशावरून? पॉल वायरिच हे या धार्मिक-उजव्या चळवळीच्या शिल्पकारांपैकी एक. ते स्वतःच पुढे सांगत असत, की ठिणगी शाळांच्या करसवलतीवरून पडली. सरकारी शाळांतला वर्णभेद कायद्याने बंद झाल्यावर दक्षिणेत गोऱ्या मुलांसाठी खासगी 'ख्रिस्ती' शाळा निघाल्या. मिसिसिपीतल्या होम्स काउंटीच्या काळ्या पालकांनी खटला भरला आणि १९७१ साली निकाल लागला, की वर्णभेद करणाऱ्या संस्थेला धर्मादाय म्हणून करमाफी नाही. साउथ कॅरोलिनाच्या बॉब जोन्स विद्यापीठाची करमाफी काढून घेतली गेली. ते सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि १९८३ साली आठ विरुद्ध एक मतांनी हरले. काळ्या-गोऱ्या मुलामुलींनी एकमेकांसोबत फिरू नये हा नियम त्या विद्यापीठाने २००० सालापर्यंत पाळला. त्यालाही वचनंच दिली जात. पाळक जेरी फॉलवेल यांची मॉरल मेजॉरिटी ही राजकीय संघटना निघाली १९७९ मध्ये. पुढच्याच वर्षी या मंडळींनी राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांच्या विरोधात काम केलं, जे नवा जन्म झालेले, रविवारच्या वर्गात शास्त्र शिकवणारे सदर्न बॅप्टिस्ट होते.

अजून एक गोष्ट मला कधीच उलगडली नाही. अमेरिकेतल्या काळ्या मंडळ्यांत जा. तोच येशू, तोच नवा जन्म, तेच शास्त्र, आमच्यापेक्षा जास्त वेळ उपासना. आणि मतदान बरोबर उलटं. २०१६ साली गोऱ्या इव्हँजेलिकलांपैकी दर दहांतल्या आठांनी ट्रम्प यांना मत दिलं. शास्त्र सरळ वाचलं की हेच राजकारण निघतं, असं असेल, तर काळी मंडळी काय वेगळं शास्त्र वाचते?

आम्ही आता युनायटेड चर्च ऑफ ख्राइस्टच्या एका छोट्या मंडळीत जातो. रविवारी साठ माणसं असतात, पाळक एक बाई आहेत. गेल्यावर मला कळलं, की १८१३ साली मुंबईत आणि १८३१ साली नगरला आलेलं अमेरिकन मराठी मिशन ज्या काँग्रिगेशनल परंपरेने पाठवलं, तीच परंपरा इथे १९५७ साली या चर्चमध्ये सामील झाली. पणजोबांचं सासर-माहेर म्हणावं तसं मला ते सापडलं. सिंथिया फरार, ज्यांच्या नगरच्या शाळेत सावित्रीबाई शिक्षिकेचं शिक्षण घेऊन आल्या, त्या याच मिशनच्या.

प्रश्न विचारा. विरोधी मतंही लिहा, फक्त माणसांच्या श्रद्धेची टिंगल नको.

कडुनिंब

वाचनखूण साठवली. आम्हा बाहेरच्यांना कॅथलिक-प्रॉटेस्टंट एवढंच माहीत असतं. तुमच्या आईंनी दहावं वचन वाचलं तो प्रसंग डोळ्यांसमोरून हलत नाहीये.

देवदार

जय ख्रिस्त, ताई. मी पुण्याचा, आणि तुम्ही ज्यांच्याबद्दल लिहिलंय त्याच विश्वासाचा. नवा जन्म, शास्त्राची अचूकता, सगळं मानणारा. राग न धरता लिहितो.

एक. ज्या जूनबद्दल तुम्ही लिहिता, त्याच जूनमध्ये, तुमच्याच डॅलसमध्ये सदर्न बॅप्टिस्टांचं वार्षिक अधिवेशन भरलं होतं. त्यात स्थलांतरितांबद्दल ठराव झाला आणि कुटुंबं एकत्र राहावीत असं त्यात स्पष्ट म्हटलं. नामवंत इव्हँजेलिकल उपदेशक फ्रँकलिन ग्रॅहम यांनीही मुलं तोडणं लाजिरवाणं आहे असं जाहीरपणे सांगितलं. हे तुमच्या लेखात नाही.

दोन. गर्भपाताबद्दल आमच्या लोकांना उशिरा जाग आली हे खरं. १९७० च्या दशकाच्या शेवटी फ्रान्सिस शेफर आणि डॉ. एव्हरेट कूप यांनी गावोगाव फिरून लोकांची मनं वळवली. उशिरा कळलं म्हणून ते खोटं ठरत नाही. गुलामगिरीचं पापही आम्हाला उशिराच कळलं, त्याचं तुम्ही स्वागत करता. आणि करसवलतीचंच कारण होतं यावर सगळ्या इतिहासकारांचं एकमत नाही.

तीन. पंडिता रमाबाई कुणाच्या? १९०५ साली केडगावच्या त्यांच्या मुक्ती मिशनात जे संजीवन, म्हणजे आत्मिक जागृती, झालं, ते आत्म्याने भरलेल्या, शास्त्र शब्दशः मानणाऱ्या बायकांचं होतं. दुष्काळात हजारो मुलींना जगवणारा तोच विश्वास होता. तुमच्या उदारमतवादी चर्चने गेल्या पन्नास वर्षांत असं काय उभं केलं? उलट ती रिकामी होत चालली आहेत.

सीनाकाठ

देवदार दादा, जय ख्रिस्त. इतकं नीट लिहिलंत याबद्दल मनापासून आभार.

पहिला मुद्दा पूर्ण मान्य. ठराव झाला होता, मी तो लिहायला हवा होता. इव्हँजेलिकलांचीच वर्ल्ड रिलीफ ही संस्था कित्येक वर्षं निर्वासितांना वसवण्याचं काम करते आहे, तेही लिहायला हवं होतं. पण ठराव अधिवेशनात झाला आणि माझं कार्ड पालथं पडलं ते बैठकीच्या खोलीत. त्या दोहोंच्या मध्ये कुठेतरी तो ठराव हरवला. २०२० आणि २०२४ मध्येही मतांचं प्रमाण जवळजवळ तेच राहिलं. म्हणून मला ठरावापेक्षा बुधवारची संध्याकाळ जास्त खरी वाटते.

दुसरा. उशिरा कळलं म्हणून खोटं ठरत नाही, बरोबर. पण मग 'शास्त्रात पहिल्यापासून स्वच्छ लिहिलं होतं' असं म्हणता येत नाही. काळानुसार तुमचंही वाचन बदललं. माझं बदललं की ते शास्त्र सोडणं, आणि तुमचं बदललं की ती जाग येणं, एवढाच फरक का असावा? आणि रो निकालाने दिलेला हक्क काढून घेणाऱ्या २०२२ च्या डॉब्स निकालानंतर आमच्या टेक्सासात काय झालं ते मी शेजारी पाहिलंय. गर्भ जगणार नाही हे डॉक्टरांना माहीत असताना, आईचा जीव पुरेसा धोक्यात येईपर्यंत थांबा, असं सांगितलं गेलेली बाई माझ्या ओळखीची आहे. ती १९७१ च्या ठरावात बसत होती.

इतिहासकारांच्या मतभेदांबद्दल: हो, आहेत. काही जणांच्या मते गर्भपाताचा विरोध खालून आधीच वाढत होता. मी वायरिच यांच्या स्वतःच्या सांगण्याला जास्त वजन देते.

रमाबाई. त्यांना मी तुमच्याकडून हिसकावून घेणार नाही, पण सोडणारही नाही. त्या नव्या जन्माच्या होत्या, आणि त्याच रमाबाईंनी १८८३ साली बाप्तिस्मा घेतल्यावर इंग्लंडातल्या सिस्टर जेराल्डिन यांना पत्रांतून ठणकावलं होतं, की एका पुरोहितशाहीच्या जोखडातून मी मोठ्या कष्टाने मान सोडवली आहे, ती दुसरीत अडकवणार नाही. ज्यांनी पाळकांना प्रश्न विचारले त्या रमाबाई आणि १९०० च्या सुमारास मुक्तीत जवळजवळ दोन हजार मुली-बायांना घास देणाऱ्या रमाबाई एकच. बाईने मंडळीत गप्प बसावं हा नियम त्यांना लावला असता तर केडगाव उभंच राहिलं नसतं. सदर्न बॅप्टिस्टांनी २००० सालापासून विश्वासाच्या जाहीरनाम्यातच लिहिलंय, की पाळक फक्त पुरुष. २०२३ साली बाई-पाळक नेमले म्हणून कॅलिफोर्नियातल्या सॅडलबॅक या आपल्या सगळ्यात मोठ्या मंडळ्यांपैकी एकीला त्यांनी बाहेर काढलं. आणि त्याच्या आदल्या वर्षीच्या चौकशी अहवालात निघालं, की लैंगिक अत्याचाराचा आरोप असलेल्या सातशेहून अधिक जणांची यादी त्यांच्या कार्यालयात वर्षानुवर्षं गुपचूप ठेवलेली होती आणि तक्रार करणाऱ्या बायकांना दाद दिली जात नव्हती. बाईला व्यासपीठावरून उतरवायला वचन लगेच सापडलं. या बायकांसाठी वचन सापडायला पत्रकार आणि बाहेरचे चौकशी अधिकारी यावे लागले. हे मी रागाने लिहितेय, लपवत नाही.

रिकाम्या चर्चबद्दल: खरं आहे. आमचं चर्च स्थापन झालं तेव्हा वीस लाख सभासद होते, आता निम्मेही नाहीत. पण सदर्न बॅप्टिस्टही २००६ साली एक कोटी त्रेसष्ट लाख होते, ते आता एक कोटी तीस लाखांच्या खाली आले. माणसं दोन्हीकडून जाताहेत, आणि जाणाऱ्यांत तरुण जास्त. आमच्याकडून का जातात याचं उत्तर माझ्याकडे अपुरं आहे. आम्ही कधीकधी इतके सावध बोलतो की येशूचं नावही हळू घेतो, हे मला स्वतःला खुपतं.

पानवेल

धागा आवडला. मी न्यू जर्सीत. ऑफिसातला एक सहकारी, अतिशय सज्जन, इस्राएलच्या बातमीवर दरवेळी म्हणतो "हे तर लिहिलेलंच आहे". हे काय प्रकरण आहे?

सीनाकाठ

पानवेल, थोडक्यात सांगते. जॉन नेल्सन डार्बी या ब्रिटिश-आयरिश धर्मोपदेशकाने १८३० च्या सुमारास एक मांडणी केली: इतिहासाचे ठरावीक कालखंड आहेत, शेवटी विश्वासणारे अचानक आकाशात उचलले जातील, मग महासंकट, आणि या सगळ्यात इस्राएल राष्ट्राला मध्यवर्ती जागा. १९०९ साली सायरस स्कोफील्ड यांनी आपल्या टीपांसह शास्त्राची आवृत्ती काढली. वचनं आणि टीपा एकाच पानावर. वाचता वाचता टीपाही वचनासारख्याच वाटू लागल्या, आणि ही मांडणी घराघरात गेली. त्यातून आजचं ख्रिस्ती झायनवादाचं, म्हणजे इस्राएलला पाठिंबा हे देवाचंच काम मानणारं, राजकारण आलं. १४ मे २०१८ रोजी जेरुसलेममध्ये अमेरिकन दूतावास उघडला तेव्हा प्रार्थना करायला डॅलसचे रॉबर्ट जेफ्रेस आणि सॅन अँटोनियोचे जॉन हेगी हे दोन टेक्सासचे पाळक होते. त्याच दिवशी गाझाच्या कुंपणाशी पन्नासहून अधिक पॅलेस्टिनी गोळीबारात मेले.

मला सगळ्यात जास्त वाईट वाटतं ते पॅलेस्टिनी ख्रिस्ती लोकांचं. बेथलेहेममधली मंडळी म्हणजे आमची थोरली भावंडं. २०२३ च्या नाताळात तिथल्या लूथरन चर्चने गव्हाणीऐवजी तुटक्या सिमेंटच्या ढिगाऱ्यात बाळ येशू ठेवला होता आणि पाळक मुंथर आयझॅक यांनी जगभरच्या चर्चला विचारलं, की तुम्ही गप्प का. माझ्या जुन्या मंडळीत त्या नाताळात बेथलेहेमवर तीन गाणी झाली, असं मैत्रिणीने सांगितलं. बेथलेहेमच्या माणसांसाठी प्रार्थना झाली नाही.

सुरूबन

मी वसईची कॅथलिक. धर्मशिक्षणाच्या वर्गात हे 'आकाशात उचलले जाणं' आम्हाला कुणी कधी शिकवलं नाही, यूट्यूबवरून कळलं. पण आमच्याकडे सगळं आलबेल आहे असंही नाही. आमच्यात तर बाई-धर्मगुरूंचा विषयच निघत नाही. एक विचारायचं होतं, अमेरिकेतले लोक सतत 'ख्रिस्ती धर्मावर हल्ला होतोय' म्हणतात, ते कशावरून?

सीनाकाठ

सुरूबन, हा माझा दुखरा विषय आहे. २०११ च्या जनगणनेत आपण भारतात २.३ टक्के, महाराष्ट्रात तर एक टक्काही नाही. नाताळच्या आधी उपासनेला पोलीस बंदोबस्त लागेल का, हे बोलणं मोठ्यांच्या तोंडून ऐकत मी वाढले. आणि इथे, जिथे आजवरचे जवळपास सगळे राष्ट्राध्यक्ष ख्रिस्ती घरातले, जिथे गावात दर कोपऱ्यावर चर्च, तिथे माझ्या गटातली माणसं दुकानदाराने 'मेरी ख्रिसमस' न म्हणता 'हॅपी हॉलिडेज' म्हटलं याला छळ म्हणायची. मी त्यांना एकदा आमच्याकडचं सांगितलं. सगळ्यांनी फार मायेने ऐकलं, भारतासाठी प्रार्थना केली. पण इथे आपण बहुसंख्य आहोत, मग इथल्या मशिदीच्या परवानगीला आपण विरोध का करतो, हे विचारल्यावर खोली शांत झाली.

देवदार

ताई, एक विचारतो. सगळंच संदर्भाने वाचायचं तर शेवटी उरतं काय? नरक आहे की नाही? तारण फक्त येशूतच आहे की नाही? माझे आजोबा मातंग वस्तीतून आले. 'येशू तुझ्यासाठी मेला' हे सरळ, शब्दशः वाक्य त्यांनी ऐकलं म्हणून ते ताठ मानेने उभे राहिले. तुमचं संदर्भाचं वाचन त्यांना उभं करू शकलं असतं का?

सीनाकाठ

दादा, या प्रश्नावर मी दोन दिवस काही लिहिलं नाही. तुमच्या आजोबांचं वाक्य माझ्या पणजोबांचंही आहे. ते मी कुठल्याही संदर्भाने पातळ करणार नाही.

पण नरकाचं विचारलंत म्हणून नगरचीच एक गोष्ट सांगते. रॉबर्ट ह्यूम नावाचे मिशनरी नगरला होते. जन्म मुंबईचा, मराठी घरच्यासारखी. तिथे १८७८ साली पाळक घडवणारी शाळा त्यांनी सुरू केली. १८८६ साली रजेवर अमेरिकेत असताना ते जाहीरपणे बोलले. ज्यांनी येशूचं नावच कधी ऐकलं नाही ते सगळे मेल्यावर कायमचे नरकात गेले, असं आम्ही सांगितलं की भारतातल्या माणसाला आमचा देव क्रूर वाटतो. मृत्यूनंतरही त्यांना संधी मिळेल अशी आशा ठेवायला जागा असावी, असं त्यांचं म्हणणं. एवढ्यावरून त्यांच्या मिशन बोर्डाने त्यांना नगरला परत पाठवणं रोखून धरलं. मोठा वाद झाला, आणि १८८७ साली ते परत आले.

मला नेहमी वाटतं, ह्यूमसाहेबांना हा प्रश्न पुस्तकातून पडला नसणार. नगर जिल्ह्यातल्या कुठल्यातरी गावात, नुकताच बाप्तिस्मा घेतलेल्या कुणी म्हाताऱ्याने विचारलं असेल, "साहेब, मग माझी आई कुठे गेली?" मी त्या म्हाताऱ्याच्या बाजूने शास्त्र वाचते. नरकाबद्दल माझं उत्तर एवढंच आहे.

अबोली_७२

मी इथे कधी लिहीत नाही. मुंबईत आमची मराठी मंडळी आहे, नाव लिहीत नाही. माझा मुलगा सव्वीस वर्षांचा आहे. त्याने तीन वर्षांपूर्वी घरात सांगितलं की तो समलिंगी आहे. आमच्या पाळकांना मी विश्वासाने सांगितलं. त्यांनी त्याला गायनमंडळातून काढलं आणि अमेरिकेतल्या एका उपदेशकाचे व्हिडिओ पाठवले, की प्रार्थनेने हे बरं होतं. आम्ही उपवास केले, सगळं केलं. मुलगा झोपेच्या गोळ्यांपर्यंत गेला. आता बरा आहे. आता तो चर्चला येत नाही, आणि मीही मागच्या बाकावर बसून प्रभुभोजनाच्या आधी निघून येते. मला एवढंच विचारायचं आहे, तुमच्या त्या चर्चमध्ये अशा मुलांना गाऊ देतात का?

सीनाकाठ

अबोलीताई, हो. आमच्या चर्चने १९७२ साली बिल जॉन्सन नावाच्या उघडपणे समलिंगी असलेल्या तरुणाला पाळक म्हणून दीक्षा दिली. आमच्या साठ माणसांत पियानो वाजवणारा आणि त्याचा जोडीदार दोघेही आहेत, आणि प्रभुभोजनाचा प्याला कधी त्यांच्याच हातून माझ्याकडे येतो.

ते व्हिडिओ कुणाचे मला माहीत नाही, पण हे मुलाला जरूर सांगा: 'प्रार्थनेने बरं होतं' असं जगभर सांगणारी सगळ्यात मोठी संस्था, एक्झोडस इंटरनॅशनल, २०१३ साली तिच्याच अध्यक्षांनी लोकांची माफी मागून बंद केली. त्यांनी कबूल केलं, की ज्यांना बदलायला निघालो त्यातले बहुतेक बदलले नाहीत आणि त्यांना फार दुखावलं. त्या संस्थेने तिकडे जे बंद केलं, ते आपल्याकडे मराठीत भाषांतर होऊन येतंय. मला तुमच्याशी बोलायला आवडेल, संपर्कातून निरोप पाठवा.

देवदार

अबोलीताई, तुमचा प्रतिसाद काल रात्री वाचला. बायकोलाही वाचून दाखवला. लैंगिकतेबद्दल शास्त्र काय म्हणतं याबद्दलचं माझं मत बदललेलं नाही, खोटं बोलणार नाही. सीनाकाठ ताईंचं आणि माझं यावर जमणार नाही.

पण तुमच्या मुलाला ज्या तऱ्हेने काढलं, आणि गोळ्यांपर्यंत नेलं, ते पाप आहे. माझ्या विश्वासाच्या माणसांनी केलेलं पाप. पुण्याला कधी आलात तर आमच्याकडे उतरा. रविवारी उपासनेला माझ्या आणि बायकोच्या मध्ये तुम्हा दोघांची जागा असेल. कुणी काही बोललं तर मी उत्तर देईन.

अबोली_७२

तो यायचा नाही, दादा. पण माझी बहीण कोथरूडला असते, पुढच्या महिन्यात मी तिच्याकडे येतेय. मराठी उपासना किती वाजता असते?

देवदार

साडेआठला. मी फाटकाशी उभा राहतो.